वहीतले पंचवीस किलोमीटर

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही मासेमाराला हा हिशेब तोंडपाठ असतो. आम्ही चाललो त्या दिवशी षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला पाणी पुरतं चढलेलं, तिथून ते ओसरत जाणार, साडेदहा-अकराच्या सुमाराला तळाला टेकणार आणि संध्याकाळी पाचच्या आसपास पुन्हा काठाला भिडणार. पायाखाली ओली, घट्ट वाळू हवी असेल तर ती दुपारच्या आतच मिळेल, असं आम्हाला बजावून ठेवलं होतं. म्हणून डिसेंबरातल्या त्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही वायंगणीच्या किनाऱ्यावर उभ्या होतो. तिथून दक्षिणेला रेडी गाठायचं होतं. वाटेत खाड्या आहेत, समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडा आहेत. त्यांना वळसे घालत, कधी वाळूतून तर कधी सड्यावरून, पंचवीसेक किलोमीटर.

वेंगुर्ल्यातली सात-आठ माणसं सोबत होती. आम्ही तिघी मात्र पिंगळीच्या, परभणीजवळच्या. मी शाळेत शिकवते. दुसरी आमच्या गावची आशाताई, म्हणजे गावात घरोघर फिरणारी आरोग्य स्वयंसेविका. तिसऱ्या काकू, साठी ओलांडलेल्या, माळकरी, आषाढीची पायी वारी अनेकदा केलेल्या. माझ्या खांद्याच्या पिशवीत दोनशे पानी वही होती. तिच्यात पंचवीस किलोमीटर ओळीने मांडले होते आणि प्रत्येक किलोमीटरपुढे माणसांची नावं होती.

पिंगळी हे परभणी आणि पूर्णा यांच्या मधलं स्टेशन. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. पिंगळेश्वराचं देऊळ आणि त्याची जुनी दगडी बारव ही गावाची ओळख. समुद्राशी आमचा काही संबंध नाही. मुंबईशी मात्र गावातल्या काही घरांचा संबंध आला आहे, आणि तो नको त्या कारणाने. रात्री परभणीला देवगिरी एक्स्प्रेस येते. त्या गाडीच्या डब्यांतून एक चक्कर मारली तर उशाला फायलींची प्लास्टिकची पिशवी घेऊन झोपलेली माणसं दिसतात. तोंडावर रुमाल, डोक्याला घट्ट बांधलेला पदर. साडेपाचशे किलोमीटर जाऊन ती सकाळी दादरला उतरतात आणि परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. देशभरातून तिथे कर्करोगाचे रुग्ण येतात.

आपल्या मराठवाड्यात उपचारच नाहीत असं नाही. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय आहे, मराठवाड्याला लागून असलेल्या बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं आहे. तरीही काही दुखणी पुढे मुंबईलाच पाठवली जातात. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला तिकिटात मोठी सवलत देते, सोबत्यालाही देते. उपचाराचा मोठा भाग सरकारी योजनेतून निघू शकतो. मग अडतं कुठे? अडतं ते दोन वेळच्या जेवणावर, टॅक्सीवर, पुढच्या तारखेपर्यंत राहायच्या जागेवर आणि सोबत आलेल्या माणसाच्या बुडालेल्या रोजावर. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे अगदी कमी पैशांत राहतात. सगळ्यांना तिथे लगेच जागा मिळतेच असं नाही. उपचार अर्धवट टाकून परत आलेली माणसं मी माझ्या गल्लीत पाहिली आहेत. डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं नव्हतं. मुंबईत तग धरण्याइतके पैसे त्यांच्याकडे उरले नव्हते.

यासाठी गावात एक छोटा निधी उभा करावा असं आशाताईचं म्हणणं होतं. नुसती वर्गणी काढली तर गणपती-सप्त्याच्या वर्गणीत तीही एक होऊन जाते. त्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तो वेंगुर्ल्याला बँकेत आहे. थंडीत एक दिवस काही मित्र मिळून किनाऱ्याने चालतात, आणि प्रत्येक जण आपल्या ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे काही रक्कम कबूल करून घेतो. ज्याला जे काम मोलाचं वाटतं त्या कामाला ती रक्कम जाते, असं त्याने सांगितलं. इंग्लंड-वेल्सच्या किनाऱ्यांवर ही पद्धत चांगली रुळलेली आहे. वेल्सने तर २०१२ साली आपला अख्खा किनारा, जवळपास चौदाशे किलोमीटर, एका पायवाटेने जोडून टाकला. कर्करोगासाठी असं काही करणाऱ्यांत सगळ्यांच्या आधी आठवतो तो कॅनडाचा टेरी फॉक्स. हाडाच्या कर्करोगात उजवा पाय गेलेला हा मुलगा एप्रिल १९८० मध्ये अटलांटिकच्या पाण्यात आपला कृत्रिम पाय बुडवून निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. रोग फुप्फुसात पोचला म्हणून त्याला थांबावं लागलं. पुढच्या वर्षी तो गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याची गोष्ट मी दरवर्षी नववीच्या वर्गात सांगते. ती सांगताना वर्ग कसा ऐकतो, हे मला ठाऊक होतं.

मग आशाताई आणि मी वही घेऊन घरोघर गेलो.

पहिला प्रश्न सगळीकडे एकच. ‘बाई, तुम्ही कामून चालायलात? पैशे तसेच घ्या की!’ मी सांगायची, की तुम्ही घामाचे पैसे देणार, मग आमच्या बाजूनेही थोडा घाम गळायला हवा. हे लोकांना पटायचं. किलोमीटरला पाच रुपये, दहा रुपये, एखाद्याचे पन्नास. एका आजीने विचारलं, ‘म्हंजे माझ्या नावानं तिथं समुद्राच्या कडंनं चालणार तुम्ही?’ हो म्हटल्यावर तिने एक अख्खा किलोमीटर मागून घेतला आणि आपल्या चार सुनांची नावं त्यात घालायला लावली.

पण त्या फेऱ्यांत खरं घडलं ते वेगळंच. पैसे मागायला गेलो आणि दुखणी बाहेर आली. आमच्याकडे या रोगाचं नाव कुणी घेत नाही. ‘गाठ झाली’, ‘तो आजार’ एवढ्यावर बोलणं थांबतं. मुलीचं लग्न अडेल, लोक घरी यायचे थांबतील, ही भीती असते. वहीत नाव लिहून झालं की बाई दारापर्यंत सोडायला यायची आणि तिथे, उंबऱ्यात, आवाज खाली आणून बोलायची. नणंदेचं सांगते म्हणून सुरुवात व्हायची आणि तीन वाक्यांनंतर ते तिचं स्वतःचंच असायचं. वर्षभर अंगावरून जातंय. तोंडातला फोड बरा होत नाही. छातीत सुपारीएवढं काही लागतंय, पण दुखत नाही म्हणून सांगितलं नाही. आशाताई या घरांत इतकी वर्षं जाते. तिलाही यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. औषध घेऊन येणाऱ्या बाईला जे सांगता येत नव्हतं, ते हात पसरून आलेल्या बाईला सांगता आलं. असं का व्हावं याचा मी पुष्कळ विचार केला. देणाऱ्याला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटतं, आणि तेवढ्या बळावर तो आपलं उणं दाखवू शकतो, असं मला वाटतं.

वायंगणीला उजाडलं तेव्हा वाळूवर एक पट्टा दिसला. पाण्यापासून वर, भरतीच्या रेषेच्याही वर गेलेला आणि पुन्हा पाण्याकडे वळलेला. दोन्ही बाजूंना वल्ह्यांनी मारल्यासारखे तिरके ठसे, मधे पोट घासत गेल्याची सपाट वाट. रात्री कासवीण अंडी घालून गेली होती. ऑलिव्ह रिडले कासवांचा हंगाम इथे हिवाळ्यात सुरू होतो. गावातली माणसं आणि वनखातं मिळून घरटी शोधतात, अंडी कुंपणाच्या आत हलवतात आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर आली की त्यांना समुद्रात सोडतात. काकू त्या ठशांशी वाकून बसल्या. एवढं जड अंग ओढत आली आणि लेकरांचं तोंडही न बघता गेली, याचं त्यांना फार वाईट वाटलं. आम्ही पट्टा ओलांडला नाही. वरच्या अंगाने गेलो.

ओल्या वाळूवर चालणं आम्हाला नवं होतं. आमच्या काळ्या रानात पाऊस पडला की चिखल चपलेला धरतो, दहा पावलांत पायाला पाच-पाच किलोचं ओझं होतं. इथे पाऊल उचलतं आणि मागे ठसाही फार वेळ उरत नाही. काकूंनी पहिल्याच किलोमीटरला चपला काढून हातात घेतल्या. वारीच्या अनुभवाने त्यांनी आदल्या रात्रीच आमच्या पायांना खोबरेल चोळायला लावलं होतं आणि बोटांमध्ये सुती चिंध्या गुंडाळायला दिल्या होत्या. दिवसभरात मला त्या चिंध्यांचा जेवढा उपयोग झाला तेवढा महागड्या बुटांचाही झाला नसता.

एक किलोमीटर झाला की मी थांबून वही काढायची आणि नावं मोठ्याने वाचायची. हे काकूंना रुचत नव्हतं. ‘वारीत कुणी मोजतंय का? पांडुरंगाच्या वाटंला हिशेब नसतो, बाई.’ शेगावहून गजानन महाराजांची पालखी परभणीवरून जाते तेव्हा गावोगावच्या बायका भाकरींच्या दुरड्या घेऊन रस्त्यावर उभ्या राहतात. कोण किती भाकरी आणतं याची नोंद कुणी ठेवत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. मी म्हटलं, काकू, ती भाकरी त्याच दुपारी खाल्ली जाते. हा पैसा सहा महिन्यांनी कुणाच्या तरी हातात पडणार आहे. तोवर तो कुणाचा आहे हे लिहिलेलंच बरं. विनोबा १९५१ पासून तेरा वर्षं जमीन मागत देशभर पायी हिंडले, तेव्हा त्यांच्या भूदानातही दानपत्र लिहून घेत. मागणाऱ्याने हिशेब ठेवला तर देणाऱ्याचा मान राहतो, असं माझं ठाम मत आहे. काकूंनी ते मानलं नाही. पण पुढच्या थांब्याला नावं वाचून झाल्यावर त्यांनी हात जोडले, आणि मग प्रत्येक थांब्याला जोडले.

डोंगराची सोंड आडवी आली तिथे आम्ही वर चढलो, काजूच्या बागांतून पलीकडे उतरलो आणि नऊच्या सुमाराला वेंगुर्ला बंदराला आलो. डच व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकात या गावात वखार घातली, तिचे अवशेष गावात आहेत; ते पाहायला थांबलो नाही, कारण ओहोटी आमच्यासाठी थांबणार नव्हती. बंदराजवळ मांडवीची खाडी समुद्राला मिळते. तिच्या काठच्या कांदळवनातून स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना फिरवून आणतात. त्यांच्यापैकी एकीने आमची वही पाहिली, उभ्याउभ्या वाचली आणि विचारलं, ‘खंयचे तुमी?’ पिंगळीच्या, असं मी म्हणताच ती हसली. ‘कुडाळची पिंगुळी? मगे आमचेच मा तुमी!’ कुडाळजवळची पिंगुळी ही चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची. दिवसभरात आणखी दोघांनी आम्हाला तिथलंच समजलं. परभणी म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते कौतुक होतं. इतक्या लांबून आलात, असं म्हणत कुणी शहाळं पुढे करायचं.

झुलत्या पुलावरून नवाबागेला उतरलो तर रापण ओढणं चाललं होतं. रापणीचं जाळं होडीतून समुद्रात अर्धगोल सोडत नेतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात. मग दोन्ही दोरांना माणसं लागतात आणि तासभर, कधी त्याहून जास्त वेळ, पावलापावलाने मागे सरत ते जाळं ओढतात. म्हातारे, पोरं, बायका, वाटेने जाणारेसुद्धा. दोराला हात लावला की वाटा मिळतो, ही इथली जुनी रीत. आम्हीही लागलो. दोर पाणी प्यालेला, खरखरीत आणि थंड. तो हातात नुसता धरून चालत नाही. कमरेला टेकवून, टाच वाळूत रोवून, अंग मागे टाकावं लागतं. पुढचा माणूस शेवटाला पोचला की दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ जाऊन पहिला होतो. कुणी हुकूम देत नव्हतं. दोन दोर जसजसे जवळ येत गेले तसा मधल्या पाण्याचा रंग बदलला, मग पाण्यावर चांदीचा चुरा उडायला लागला. जाळ्याचं पोट वाळूवर आलं तेव्हा त्यात तारली होती, थोडे बांगडे, चार-दोन खेकडे आणि बरेच काचेसारखे जेलीफिश. फार नव्हतं. मोठ्या यांत्रिक बोटी पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे उचलतात, किनाऱ्याशी काय उरणार, असं तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, म्हणाला. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले. तरीही तक्रार संपलेली नाही.

तेवढ्या थोड्या मासळीतही आमचा वाटा निघाला. काकू माळकरी, मीही मासे खात नाही. आम्ही नको म्हणतोय हे पाहून तांडेलाने कारण विचारलं. आशाताईने त्याला वही दाखवली. त्याने आमचा वाटा तिथेच एका मासेविक्रेतीला विकला आणि आलेले पैसे आमच्या हातावर ठेवले. मी नाव विचारलं तर म्हणाला, ‘रापणीचा असा लिवा.’ तसंच लिहिलं आहे. ‘नवाबागेची रापण’ ही त्या वहीतली एकच नोंद अशी आहे की जिच्यापुढे कुणा एकाचं नाव नाही.

उभादांड्याचा किनारा लांबलचक आहे आणि सागरेश्वराच्या देवळापाशी सुरूचं बन. मंगेश पाडगावकरांचं हे जन्मगाव. ओहोटी पूर्ण लागली होती, पाणी पार दूर गेलेलं, वाळू अशी कडक की सायकल चालावी. इथे आम्ही सगळ्यांत भराभर चाललो. मोचेमाडची खाडी लागली तेव्हा वर जाऊन पुलावरून पलीकडे गेलो. पुढच्या घाटीत जांभ्याचा दगड तापला होता आणि वारा बंद होता. तिथे माझ्या डाव्या टाचेला फोड आला आणि आशाताईच्या पोटऱ्या वळल्या. एका वाडीत विद्यार्थ्याने जेवणाची सोय केली होती. भात, कुळथाची पिठी, फणसाचं लोणचं आणि सोलकढी. आमच्या ज्वारीच्या पोटाला भात पुरत नाही, हे त्या घरच्या वहिनींना कसं कळलं कोण जाणे. त्यांनी न विचारता तांदळाच्या गरम भाकऱ्या टाकल्या.

त्या जेवणानंतर काकू आशाताईजवळ सरकल्या. आशाताई सांगत होती ते असं. आपल्याच मराठवाड्यातल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी केली, काहींत दुसऱ्या पद्धतीच्या तपासण्या केल्या, उरलेल्या गटांत नेहमीसारखं चालू ठेवलं. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती विषाणूची तपासणी फक्त एकदा झालेल्या बायकांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. एकदा. आयुष्यात एकदा. जगभरच्या डॉक्टरांनी ज्या आकड्यांवरून धोरणं ठरवली ते आकडे आपल्या मराठवाड्यातल्या, नऊवारी नेसलेल्या, लाजत तपासणीला गेलेल्या बायकांनी दिलेले आहेत. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणीही देशातली पहिली, १९८७ सालची. हे आमच्या पाठ्यपुस्तकात कुठेच नाही, आणि ते असायला हवं.

काकूंनी सगळं ऐकलं. ‘किती वर्साच्या बाईनं करावं म्हन्ते?’ त्यांनी विचारलं. आशाताई म्हणाली, तुमच्या वयालाही करता येते. काकू पुढे काही बोलल्या नाहीत.

आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. जयवंत दळवींच्या वाचकांना हे गाव परकं वाटायचं नाही. मूर्ती माणसाहून पुष्कळ उंच आणि नजर सरळ समोर. देवाला केळ्यांचे घड वाहतात आणि चपला वाहतात. खऱ्या, कातडी चपला, पण एवढ्या मोठ्या की एकेक दोन्ही हातांनी उचलावी. अंगठ्याची जागा, जाड वादी, तळाला टाके मारलेले, करकरीत कातड्याचा वास. वेतोबा रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, कुणी संकटात असेल तर धावतो, आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात, अशी इथली श्रद्धा. म्हणून लोक नव्या आणून देतात. देवाला दागिना देतात, दिवा देतात, नैवेद्य दाखवतात हे ठाऊक होतं. त्याच्या पायांची कुणी काळजी घेतंय हे मी पहिल्यांदा पाहिलं. काकू त्या चपलांसमोर बराच वेळ उभ्या होत्या. आपल्या भेगाळल्या टाचांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, ‘देवालाबी चालावंच लागतंय लोकासाठी.’

आरवलीच्या पुढे पाणी चढायला लागलं आणि चालणं अवघड झालं. ओली पट्टी अरुंद होत गेली, लाट चुकवायला वर सरकावं तर भुसभुशीत वाळू. पाऊल घोट्यापर्यंत रुतायचं आणि अर्धं मागे यायचं. शेवटच्या सात-आठ किलोमीटरांना सकाळच्या चौदांपेक्षा जास्त दम लागला. नावं वाचायला थांबलं की पुन्हा निघायला पाय तयार नसायचे. तरी थांबलो. त्या किलोमीटरांत आमच्या शाळेच्या मुलांची नावं होती, खाऊचे पैसे दिलेली, आणि ती गाळून पुढे जाणं मला शक्य नव्हतं.

शिरोड्याला खाडीकाठी मिठागरं आहेत. हंगाम अजून उभा राहायचा होता. बांध लिंपणं चाललं होतं, वाफ्यांत पाणी नुसतं चमकत होतं. १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला. दांडीची गोष्ट आपण सगळे शिकतो, शिरोड्याची फार थोडे. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसं या लहानशा गावात आली, त्यांनी मीठ उचललं आणि लाठ्या खाल्ल्या. याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं मास्तर होते. पुढे ‘ययाती’ला ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. मला त्या अठरा वर्षांचं जास्त वाटतं. पुण्या-मुंबईला जाता आलं असतं अशा माणसाने कोकणातल्या एका आडगावी फळ्यावर लिहीत उमेदीची वर्षं घालवली. वहीतला शिरोड्याचा किलोमीटर आमच्या शाळेतल्या शिक्षकांचा होता. तो मी जाणूनबुजून तिथे ठेवला होता.

वेळागरच्या सुरूच्या बनातून निघालो तेव्हा भरती पुरती आली होती आणि किनारा जवळजवळ उरलाच नव्हता. शेवटचा टप्पा आम्ही रस्त्याने गेलो. रेडीला पोचायला सात वाजत आले होते. विद्यार्थ्याने तिथल्या एका घराच्या पडवीत गरम पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. पाय बुडवून बसल्यावर मी पंचविसावं पान वाचलं. त्यावर मुंबईहून उपचार अर्धे टाकून आलेल्या आणि आता हयात नसलेल्या गावातल्या माणसांची नावं होती. त्यांच्या घरच्यांनी पैसे दिले होते आणि नावं त्यांची लिहायला सांगितली होती.

परत आल्यावर कबूल केलेले पैसे गोळा करायला पुन्हा घरोघर जावं लागलं. एकही नोंद बुडाली नाही. काहींनी जास्तच दिले. सगळे मिळून त्रेचाळीस हजारांच्या थोडे वर झाले. आमच्या प्रवासाचा, राहण्याचा खर्च आम्ही आमचा केला. वहीतला पैसा वहीतच ठेवला. त्रेचाळीस हजारांत कर्करोग बरा होत नाही. पण दोन माणसांना परळला दर तारखेला जाऊन टिकून राहता येतं, एवढा हिशेब आशाताईने कागदावर मांडून दाखवला. पहिली रक्कम तोंडाच्या कर्करोगाच्या एका रुग्णासाठी गेली. त्याची चौथी तारीख चुकणार होती, ती चुकली नाही.

आणि ज्या बायका उंबऱ्यात बोलल्या होत्या त्यांचं काय? आशाताईने त्यांना एकेकीला गाठलं. आपण सगळ्या मिळून जाऊ, असं ठरवलं. महिन्याभराने एका सकाळी आठ जणी पिंगळीच्या स्टेशनवर पॅसेंजरला बसल्या आणि परभणीला तपासणीला गेल्या. मी सुट्टी काढून सोबत गेले. बाकावर सगळ्या खालमानेने बसल्या होत्या, पदर तोंडाशी. पहिली कोण जाणार यावर कुणी बोलेना. तेव्हा काकू उठल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आपल्या आपण तिकीट काढून आमच्याबरोबर आल्या होत्या. हातातली पिशवी त्यांनी शेजारच्या तरण्या सुनेच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, ‘माझं झालं की तू ये गं. लई वेळ लागत न्हाई म्हन्तेत.’